साहित्य अकादमी: कादंबरी आणि आत्मकथन एकाच तागडीत का तोलतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही अकरा जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकेक पुस्तक घेऊन बसतो, चार वर्षं झाली. यंदा ठरलं की साहित्य अकादमी मिळालेली मराठी पुस्तकं वाचायची, पण सगळी नाहीत, कविता आणि समीक्षा तूर्त बाजूला, फक्त गोष्ट सांगणारी. म्हणजे एकीकडे कथा-कादंबऱ्या आणि दुसरीकडे खऱ्या आयुष्याची कहाणी सांगणारी, आत्मकथन वगैरे. यादी करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तिथंच अडकलेय.

वहीत दोन रकाने आखले. डावीकडे कल्पित, उजवीकडे खरं. १९६० चा पुरस्कार मिळालेलं 'ययाति' डावीकडे, १९७२ चं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' उजवीकडे, इथवर सोपं होतं. पण १९६५ चं 'व्यक्ती आणि वल्ली' कुठं टाकू? अंतू बर्वा, नारायण, हरितात्या, आपल्याला वाटतं आपण यांना भेटलोय, पण म्हणून ती काही कुणाची चरित्रं नाहीत. शेवटी ते नाव मधल्या रेघेवरच लिहिलं. मग महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' आलं इरावतीबाई कर्व्यांचं, तेही रेघेवर. असं करत करत रेघच दिसेनाशी झाली.

त्यात एक गोष्ट लक्षात आली ती सांगते. १९८१ ते १९९० या दहा वर्षांत पाच वेळा आत्मकथनाला पुरस्कार आहे: उपरा, एक झाड आणि दोन पक्षी, उचल्या, हरवलेले दिवस, झोंबी. आणि कादंबरी फक्त एक, माडगूळकरांची 'सत्तांतर', तीही वानरांच्या टोळ्यांची. मग २००१ ते २०१० बघा, नेमकं उलटं, पाच कादंबऱ्या (तणकट, डांगोरा एका नगरीचा, बारोमास, भूमी, उत्सुकतेने मी झोपलो) आणि आत्मकथन एकही नाही. मी दोनदा मोजलं.

हे गटात सांगितलं तर वादच पेटला. आमच्यातले एक काका म्हणाले, अनुभव मोठा आहे म्हणून पुस्तक मोठं होत नाही, कादंबरीकाराला सगळं शून्यातून उभं करावं लागतं, त्यामुळे दोघांना एका तागडीत घालणं अन्यायाचं आहे. त्यावर एक ताई इतक्या चिडल्या की चहा न घेताच गेल्या. मला दोघांचंही पटतंय आणि म्हणूनच झोप लागत नाहीये.

तर विचारायचं असं, की निवड नेमकी कशी होते, सगळ्या प्रकारांना मिळून एकच पुरस्कार असणं तुम्हाला योग्य वाटतं का, आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?

जुनीवही

कृष्णाकाठ ताई, मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकीचं मंडळी सांगतीलच.

पुरस्कार १९५५ पासून आहे आणि भाषेमागे वर्षाला एकच. अशा चोवीस भाषा, राज्यघटनेतल्या बावीस आणि शिवाय इंग्रजी न् राजस्थानी. पुस्तकाची मुदत लोकांना माहीत नसते आणि मग 'अमुक पुस्तक आत्ताच आलंय, मिळालं कसं नाही' असं विचारतात. पुरस्काराचं वर्ष आणि त्याच्या आधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्यामागची पाच वर्षं धरायची. म्हणजे २०२४ च्या पुरस्काराला २०१८ ते २०२२ मधली पुस्तकं. आधी एक मूळ यादी बनते, मग ती त्या भाषेतल्या जाणकारांकडे जाते, ते नावं सुचवतात, आणि शेवटी तीन परीक्षक बसून ठरवतात, एकमताने नाहीतर बहुमताने. रक्कम सुरुवातीला पाच हजार होती, २००९ पासून एक लाख आहे. सोबत ताम्रपट, ज्याचं डिझाईन सत्यजित राय यांनी केलेलं आहे.

आता तुमच्या वादाशी ज्याचा खरा संबंध आहे तो नियम असा की हा पुरस्कार एका लेखकाला आयुष्यात एकदाच मिळतो. त्यामुळे होतं काय, कागदावर पुरस्कार पुस्तकाला असतो पण परीक्षकांच्या डोळ्यासमोर सगळा लेखक उभा असतो, आणि पाच वर्षांच्या खिडकीत त्याचं जे पुस्तक सापडेल त्याला तो मिळतो. म्हणून यादीत अशी नावं दिसतात की आपण थबकतो. नेमाडे म्हटलं की आपण 'कोसला' ही कादंबरी म्हणतो, पण त्यांना १९९१ ला मिळाला 'टीकास्वयंवर' या समीक्षेला, आणि एकदा मिळाल्यावर पुढे त्यांची 'हिंदू' ही कादंबरी स्पर्धेतच नव्हती. गंगाधर गाडगीळ म्हणजे नवकथा, तर १९९६ ला मिळाला आत्मचरित्राला. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ ची, तेव्हा अकादमीच नव्हती, त्यांनाही आत्मचरित्रालाच मिळाला. माडगूळकर एवढे मोठे कथाकार, मिळाला कादंबरीला. मला यात अन्याय वाटत नाही, पण यादी वाचताना एवढं डोक्यात ठेवलं की 'कादंबरी विरुद्ध आत्मकथन' हे भांडण थोडं सैल होतं, कारण कित्येकदा तिथं दोन पुस्तकं एकमेकांसमोर नव्हतीच.

बेडेकरांचं 'एक झाड आणि दोन पक्षी' मात्र तुमच्या गटात जरूर घ्या. नावातले दोन पक्षी उपनिषदातले, एकाच झाडावर बसलेले, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो. स्वतःच्या आयुष्याकडे असं तिऱ्हाइतासारखं बघायला कादंबरीकाराचीच नजर लागते. तुमच्या काकांना हे पुस्तक द्या आणि मग विचारा शून्यातून काय उभं केलंय ते.

रानवारा

काकांचं म्हणणं मला मान्य नाही. 'उचल्या' मी अकरावीत वाचलं, वसतिगृहात, लाईट गेल्यावर मेणबत्तीवर. आमच्या घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. एक माणूस आपल्या जातीवर मारलेला चोरीचा शिक्का, पोलिसांचा मार, भूक, हे सगळं आपल्याच बोलीत लिहितो आणि दिल्लीचा पुरस्कार त्याला मिळतो, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण बोलतो तीही भाषाच आहे. आत्मकथनात काय ठेवायचं, काय गाळायचं, आई-बापाबद्दल खरं लिहायचं की झाकायचं, हे ठरवताना जो घाम फुटतो तो काही कमी कष्टाचा नसतो. कादंबरीकाराला निदान पात्राचं नाव बदलता येतं, याला तेही नाही, दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहायचं असतं.

उजनीकर

जुनीवही सरांनी छान समजावलं. मी वेगळं सांगतो.

आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. मी पुनर्वसनातच जन्मलो, मला गाव म्हणजे प्लॉटचा नंबर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक होडीने बघायला जातात, फोटो काढतात, आमचे वडील कधी गेले नाहीत.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला, धरणाने उठवलेल्या माणसांच्या कादंबरीला, १९९२ चा पुरस्कार मिळाला आणि पेपरात आलं तेव्हा वडिलांनी ते पुस्तक पुण्याहून मागवलं. एरवी ते पोथी सोडून काही वाचायचे नाहीत. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ओळीखाली बोट धरून चार-पाच पानं, महिना दीड महिना लागला असेल. एके दिवशी मधेच उठले, ट्रंक उघडली आणि खालून एक पिवळा पडलेला कागद काढला, भूसंपादनाची कलम ४ ची नोटीस, आजोबांच्या नावाची, घडीवर फाटलेली. मला म्हणाले, हे वाच, आता ह्यातलं वाच. पुस्तकातलं पान आणि तो कागद शेजारी शेजारी धरले. पुस्तक कादंबरी आहे, नावं-गावं कल्पित आहेत, हे त्यांना सांगून पटलं नसतं. वडील गेले, नोटीस अजून त्याच पानात आहे, मी ती हलवलेली नाही.

मग २०२३ ला कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला मिळाला तेव्हा मी मुद्दाम घेतलं, तीही धरणाने उठवलेल्या माणसांचीच कादंबरी, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जाणाऱ्या माणसाची. एकतीस वर्षांच्या अंतराने दोन पुस्तकं, दोन्ही धरणाची. पहिल्यात सरकारी दफ्तर आणि माणसांचा गलका आहे, दुसऱ्यात जवळजवळ एक माणूस, एक जनावर आणि रान. ताई, ही दोन एका रविवारी लागोपाठ घ्या. यातलं कल्पित किती आणि खरं किती हा प्रश्न आमच्यासारख्यांना सुचतच नाही.

मीनल_ओहायो

उजनीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांना नमस्कार.

मी इथं एका पब्लिक लायब्ररीत काम करते म्हणून वेगळे पुरस्कार असले तर काय होतं ते सांगते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन २०१२ पासून अँड्र्यू कार्नेगी मेडल देते, दरवर्षी दोन, एक फिक्शनला आणि एक नॉनफिक्शनला, प्रत्येकी पाच हजार डॉलर. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की निवड ग्रंथपालांच्या नजरेतून होते, ज्यांच्यासमोर रोज काउंटरवर खरा वाचक उभा असतो, लेखक किंवा प्राध्यापकांच्या नाही. आधी लांब यादी येते, मग दोन्हीकडची तीन-तीन पुस्तकं, मग विजेते. पहिल्या वर्षी फिक्शनचं अ‍ॅन एनराइट यांना मिळालं आणि नॉनफिक्शनचं रशियाच्या कॅथरीन राणीच्या चरित्राला, रॉबर्ट मॅसी यांच्या.

फायदा असा की खऱ्या घटनांवर गोष्टीसारखं लिहिणाऱ्या लेखकांना स्वतःची खुर्ची मिळते, कादंबरी येऊन ती ओढून घेत नाही. आमच्याकडे लांब यादी आली की दोन वेगळी टेबलं मांडतो आणि नॉनफिक्शनचं टेबल कधीकधी आधी रिकामं होतं. तोटाही आहे. जे पुस्तक तुमच्या रेघेवर बसलंय ते इथं कुठल्यातरी एका टेबलावर ठेवावंच लागतं. मी 'व्यक्ती आणि वल्ली' कुठल्या टेबलावर ठेवलं असतं? खरंच सांगता येत नाही. मराठीत ती रेघ पुसट आहे आणि ती तशी राहिली हे एकच पुरस्कार असल्यामुळेही असेल, असं मला आता वाटायला लागलंय.

दवबिंदू

मी काकांच्या बाजूने. आत्मकथनांना नावं ठेवायची नाहीत मला, 'झोंबी' माझं अत्यंत आवडतं पुस्तक आहे, शाळेसाठी बापाशी झगडणारं ते पोरगं कोण विसरेल. पण सगळ्यांना एकच ताट असलं की जे अंगाने बारीक ते उपाशी राहतं, आणि आपल्याकडे उपाशी राहिली ती कथा. १९७३ ला जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला मिळाला (प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि त्यांनी तो परत केला, तो माणूसच तसा होता). त्यानंतरचं बघा, १९८१ ते २०१० या तीस वर्षांत एकाही कथासंग्रहाला नाही. तीस वर्षं! ज्या भाषेने कथेत एवढं काम केलंय तिथं. २०१२ ला जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला मिळाला तेव्हा मी घरात अक्षरशः ओरडले होते, गिरणगावची माणसं, बंद पडलेल्या गिरण्या, आणि तेही कथेत. मग २०१६ ला आसाराम लोमटे 'आलोक', २०२१ ला किरण गुरव 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. म्हणजे कथा लिहिली जातच होती, बघणाऱ्यांची नजर उशिरा वळली.

दुसरं मला जास्त टोचतं ते हे. कथा-कादंबरीसाठी हा पुरस्कार मिळालेली बाई कोण, तर आशा बगे, २००६, 'भूमी'. २०२४ पर्यंत बस एवढंच. दुर्गाबाई, इरावतीबाई, गोदावरीबाई आहेत यादीत पण त्या ललित-वैचारिक किंवा अनुभवाच्या लेखनासाठी, इंदिरा संत आणि अनुराधा पाटील कवितेसाठी, विजया राजाध्यक्ष स्वतः कथाकार पण पुरस्कार मर्ढेकरांवरच्या समीक्षेला. कमल देसाई नाहीत, गौरी देशपांडे नाहीत. कल्पित आणि अनुभव असे दोन पुरस्कार असते तर यातलं एखादं नाव तरी यादीत आलं असतं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या गटात 'भूमी' घ्याच घ्या, आणि ती वाचताना यादीत नसलेल्या बायकांचंही एकेक पुस्तक शेजारी ठेवा.

जुनीवही

दवबिंदू, बायकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी इतकी वर्षं ही यादी वर्गात सांगितली आणि असं कधी मोजलं नाही. याचं वाईट वाटतंय.

फक्त एक. दोन पुरस्कार केले तर दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनासारख्या पुस्तकाला जागा मिळाली असती असं लोक म्हणतात, कारण ते या यादीत नाही. पण १९७८ ला 'बलुतं' आलं आणि तीन वर्षांनी 'उपरा'ला अकादमी मिळाली, तेव्हा कादंबरी, कविता, समीक्षा सगळ्यांना मागे टाकून मिळाली. कैकाडी समाजातला तिशीतला एक मुलगा, पहिलं पुस्तक, आणि समोर मराठीतलं सगळं प्रस्थापित साहित्य. वेगळ्या रांगेत पहिला येणं आणि सगळ्यांच्या रांगेत पहिला येणं, या दोन्हींत फरक आहे हो. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली होती ती मला अजून आठवते.

दवबिंदू

सर, हे मात्र पटलं. कथेचं दुःख तरीही तसंच आहे.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. कोकणीला अकादमीचा पहिला पुरस्कार १९७७ चा, रवींद्र केळेकारांच्या 'हिमालयांत'ला, आणि ते प्रवासवर्णन आहे. म्हणजे आमच्या यादीची सुरुवातच खऱ्या अनुभवाच्या पुस्तकाने झाली. कादंबरीत दामोदर मावजोंच्या 'कार्मेलीन'ला १९८३ चा. त्या वेळी ज्या भाषेला 'ही भाषाच नव्हे' म्हणून हिणवत होते त्या भाषेत दरवर्षी एका पुस्तकावर ठसा उमटणं म्हणजे काय हे शब्दांत सांगणं कठीण. आणि तुमचे २०२२ चे प्रवीण बांदेकर आमच्या शेजारचे, सावंतवाडीचे, 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'. कळसूत्री बाहुल्यांचा तो सगळा प्रदेश आम्हाला आपलाच वाटतो. घ्या यादीत.

शिसपेन्सिल

कुणीच नंदा खऱ्यांचं नाव घेतलं नाही. २०२० चा पुरस्कार त्यांच्या 'उद्या' या कादंबरीला जाहीर झाला आणि त्यांनी नम्रपणे नाकारला, समाजाने आपल्याला पुष्कळ दिलंय म्हणाले. पुरस्कार घेतला नाही म्हणून यादीतून वगळू नका. २०२२ ला ते गेले. येऊ घातलेल्या काळात माणसावर किती बाजूंनी पाळत असेल हे त्यांनी त्यात लिहून ठेवलंय, पूर्ण कल्पित, आणि आज वाचलं की रोजचा पेपर वाटतो. काकांना डाव्या रकान्यात हेच द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं प्रिंट काढून रविवारी गटात वाचून दाखवलं. चहा न घेता गेलेल्या ताई आल्या होत्या. उजनीकरांचा प्रतिसाद वाचताना काकांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कोयनेला त्यांच्या आजोळचं गाव असंच गेलं, आम्हाला इतक्या वर्षांत हे माहीतच नव्हतं. मत बदललं का विचारलं तर म्हणाले नाही, पण 'उपरा' मी वाचून येतो.

वहीतले दोन रकाने खोडले. आता जोड्या केल्यात, कल्पित एक आणि खरं एक, एकाच विषयाच्या जवळची. पहिल्या रविवारी अपवाद म्हणून दोन्ही कादंबऱ्याच, झाडाझडती आणि रिंगाण. मग जेव्हा माणूस जागा होतो आणि बारोमास, वारली आणि शेतकरी असे. झोंबी आणि बाळूच्या अवस्थांतराची डायरी ही जोडी त्या ताईंनी सुचवली, दोन्ही कोल्हापूरकडची. दवबिंदू, 'भूमी' मार्चमध्ये आणि तिच्याबरोबर कमल देसाईंचं एक, ठरलं. 'उद्या' आणि बेडेकर शेवटी.

अडचण एकच, आमच्या वाचनालयात 'उपरा'ची प्रत आहे पण तिची पहिली सोळा पानं गेलेली आहेत, बाईंडिंग करताना सुटली असावीत. 'हरवलेले दिवस' तर कुठंच मिळत नाहीये. कुणाकडे आहे का?

रानवारा

'उपरा'ची माझ्याकडे एक जादा प्रत आहे ताई, नवीन नाही पण पानं सगळी आहेत. पत्ता मेसेज करा, उद्याच पोस्टात टाकतो. वाचून झालं की काकांकडेच राहू द्या.